मंगळवारचा पाऊस

आमच्या वाडीत मंगळवारी गावदेवीचा मोडा असायचा. त्या दिवशी नांगर, कोयता, कुदळ, कशालाच हात लावायचा नाही. गुरं तेवढी सुटायची. आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर स्वित्झर्लंडहून एक संशोधक बाई आल्या. डोंगरातलं हवामान बदलतंय का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी आमच्या अंगणात पाऊस मोजायचं भांडं बसवलं आणि वडलांच्या हातात वही दिली. रोज सकाळी आठला पाणी मोजायचं, आकडा लिहायचा. वडील चौथी शिकलेले, पण अक्षर मोत्यासारखं. धारा काढून झाल्या की खास टोपी घालून ते भांड्यापाशी जायचे. आई म्हणायची, निघाले तलाठी.

मी तेव्हा महाडला कॉलेजात होते आणि मला नवी शिंगं फुटली होती. दिवाळीच्या सुट्टीत बाईंसाठी वहीची नक्कल काढताना लक्षात आलं, दर आठवड्याला मंगळवारचा आणि बुधवारचा आकडा एकमेकांसारखाच. वडलांनी काही लपवलं नाही. मोड्याला मापाला हात कसा लावायचा? म्हणून बुधवारी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजायचं आणि अर्धं अर्धं लिहायचं.

माझं डोकंच फिरलं. बाई एवढ्या लांबून येतात आणि तुम्ही खोटे आकडे लिहिता, असं त्यांना आईदेखत सुनावलं. लाल पेन घेऊन त्यांच्यासमोर त्या ओळींवर काट मारत गेले.

"पाऊस खोटा नाय गो," ते म्हणाले. "दोन दिसांचा मिळून तेवढाच हाय."

मी ऐकलं नाही. बाईंना नक्कल धाडली तीही ते दोन वार गाळूनच. पुढच्या पावसाळ्यात वडलांनी नवी वही घेतली नाही. गुरांमागे जमत नाही म्हणाले. भांडं आईने परसात पालथं घातलं.

दहाएक वर्षांनी मी त्याच बाईंच्या हाताखाली स्वित्झर्लंडला कामाला लागले. तिथल्या डोंगरी गावांतल्या जुन्या पावसाच्या वह्या संगणकावर उतरवायच्या. एक वही कुणा गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याची होती, फार जुनी. तिच्यात रविवार आणि सोमवार सारखे. पुढची पानं उलटली, तिथेही तेच. बाईंना दाखवलं तर त्या हसल्या. रविवारी त्यांच्यात काम करत नसत, मग सोमवारी मोजून निम्मं निम्मं लिहीत. दोन दिवसांची बेरीज खरी असते, ती आपण वापरायची. माणूस प्रामाणिक होता, म्हणाल्या.

मला तिथे बसवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोवर वाडीत एका घरी फोन बसला होता. तिथे वडलांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं, त्या शेतकऱ्याचं, रविवारचं, बेरजेचं. मी चुकले, असंही म्हणाले.

"त्याच्या वहीवर लाल रेघा हायत?" त्यांनी विचारलं.

नाहीत, मी म्हणाले.

"आपली ट्रंकेत ठेवलीय. रेघांखालचे आकडे अजून वाचता येतात."