मगर येण्याआधी वाजतं ते

बाळांनो, तुमच्या घरात आता ही हकिकत 'आजीने मगर दाखवली' एवढ्याच शब्दांत सांगितली जाते. सगळे हसतात, पण हसता हसताच गोष्टी पक्क्या होतात. तुम्ही मोठे व्हाल आणि तेवढंच लक्षात राहील. म्हणून माझी बाजू आत्ताच लिहून ठेवते, मला सगळं ताजं आठवतंय तोवर.

तुम्ही तिकडे परदेशात राहायला गेलात तेव्हापासून दर रविवारी आपण फोनवर एकत्र प्राण्यांची फिल्म बघतो. तुमची सकाळ, आमची संध्याकाळ. मी दिवाणावर भैरवगढची छापील चादर अंथरते, तिच्याच जोडीची तुम्ही सोफ्यावर पसरता. आजोबा टावर चौकातून कचोरी आणतात आणि तुम्हाला दाखवून दाखवून खातात.

इंटरनेटवरची कोणतीही फिल्म मी तुमच्यापुढे तशीच ठेवली नाही. तुमच्या बाबाला बाटलीने दूध पाजण्याआधी मी एक थेंब माझ्या मनगटावर टाकून बघायची. हेही तसंच. आठवड्यात एका दुपारी मी एकटी बसून पूर्ण फिल्म बघते. आजोबा दारातून विचारतात, "सेन्सॉर बोर्डाचा निकाल काय? वाघ पास का फेल?"

"वाघ पास आहे. त्याच्याविषयी बोलणारा फेल."

मी इंग्रजी शाळेत शिकले, ती भाषा मला आवडते. पण बिबट्याला 'खुनी' आणि तरसाला 'नीच' म्हणणारं इंग्रजी मला मुलांच्या कानांवर घालायचं नाही. बिबट्या जेवतो. जेवणाऱ्याला शिव्या कशाला?

मगरीची फिल्म मी अशीच बघून पास केली होती. मोठा कळप नदी ओलांडतो, मगर एक वासरू ओढून नेते, बाकीचे पलीकडे पोचतात. खरं ते दाखवलं होतं, आणि कॅमेरा तिथे फार वेळ रेंगाळला नव्हता. ताई शांतपणे बघत होती. धाकट्या, तू मात्र फोनच्या चौकटीतून उठून गेलास, आणि त्या दिवसापासून एकटा बाथरूममध्ये जाईनास.

दोन दिवसांनी तुमच्या बाबाचा फोन आला. "आई, बस झालं आता. पुढच्या रविवारी एक तर मुलांच्या ॲपवरचं, नाही तर काहीच नको."

"मी आधी बघितली होती."

"तू बघितलीस, पण तो लहान आहे."

"तू त्याच्याएवढा होतास तेव्हा आपल्या नानाखेड्याच्या घरात ट्यूबलाइटपाशी पाल पतंग पकडायची. तू जेवता जेवता बघत बसायचास."

"पालीची गोष्ट वेगळी आहे, आई."

"पतंगाला विचार."

त्याने फोन तुमच्या आईकडे दिला. मी म्हटलं, ठीक आहे, मग त्या ॲपचीही परीक्षा होऊ दे. त्यातल्या एका फिल्ममध्ये वाघाच्या पिल्लाला माणसाचा आवाज दिला होता. ते दिवसभर फुलपाखरामागे धावलं आणि आईला चिकटून झोपलं. काय खाल्लं, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. दुसरीत अजगराने मांजराच्या पिल्लाला विळखा घातला, एक दयाळू माणूस धावत आला, पिल्लू सुटलं. खाली 'मुलांसाठी योग्य' असं लिहिलेलं. मी ती पुन्हा लावली. अजगर यायच्या आधीपासून कॅमेरा पिल्लासमोर रोखून तयार होता. मग ते पिल्लू तिथे ठेवलं कोणी?

ती फिल्म आणि हा प्रश्न मी तुमच्या आईला पाठवला. तिचा फोन आला. "आई, हीच मी त्याला दोनदा लावून दिली. शेवट गोड होता, म्हणून."

"शेवट गोड असतोच. सुरुवात बघायची."

मग मी तुला फोनवर बोलावलं, धाकट्या. तुला आठवत नसेल. गेल्या हिवाळ्यात तुम्ही इकडे आलात तेव्हा तू शिप्रेच्या घाटावर खंड्या पक्ष्याला बघितलं होतंस. त्याने मासा दगडावर आपटून गिळला आणि तू म्हणालास, "त्याला भूक लागली होती," आणि स्वतःसाठी जिलबी मागितलीस. तो मुलगा मगरीला घाबरेल, हे मला पटत नव्हतं. मी विचारलं, भीती कशाची वाटली?

"ते आधी वाजतं ना, ढम ढम. बाथरूममध्ये वाजलं तर?"

"नदीवर तसं काही वाजत नाही रे. ती फिल्म करणारी माणसं नंतर खोलीत बसून लावतात."

तू विचार केलास. "मग मगरीला माहीत नसतं?"

"बिलकुल नाही."

पुढच्या रविवारी तीच नदी मी पुन्हा लावायला सांगितली, आवाज पूर्ण बंद करून. तुमचा बाबा हाताची घडी घालून सोफ्याच्या टोकाला बसला होता. "आणि मुलगा पुन्हा घाबरला तर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तर रविवार बंद, मी स्वतः बंद करीन. तुमची आई म्हणाली, "लावू दे." मग मीच बोलत गेले, जे दिसतं तेवढंच. हे पाण्याला आले. ही मगर. ती भुकेली आहे. तिने एक नेलं. धाकट्या, तू चादरीचं टोक मुठीत धरलंस, पण उठला नाहीस. "बाकीचे पोचले?" तू विचारलंस. पोचले, मी म्हटलं.

तुमचा बाबा म्हणाला, "आई, मंडीतले भाव वाचल्यासारखं बोलतेस तू."

"म्हणूनच कोणी घाबरलं नाही."

तो हसला, पण शरण आला नाही. आता अर्धाच तास, आणि माझ्यानंतर तुमची आईही फिल्म बघणार, असं त्याने ठरवलं. दोन जणींनी बघावं, माझी ना नाही. पण मगर दाखवल्याबद्दल मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. ज्या फिल्ममध्ये कोणालाच भूक लागत नाही, ती मुलांसाठी अयोग्य, हे माझं मत मी सोडलेलं नाही.

रविवार अजून आहे. अर्धा तास असतो, आवाज बंद असतो, दोन्ही घरांत तीच चादर असते, आणि बोलते मी.