सैल गाठ

धुळातात्यांना ऐकू कमी यायचं. कमी म्हणजे, शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला तर ते आभाळाकडं बघायचे. अशा माणसाकडं रडतं मूल घेऊन जाणारा मूर्खच म्हटला पाहिजे. मी गेलो होतो.

आम्ही हिंगोलीकडचे. सातवीला शाळा सोडली आणि हिंडत हिंडत टोमॅटोच्या कामाला मंचरकडच्या लोणी गावात येऊन टेकलो. मालकानं कालव्याकडेची खोली दिली. बायकोचं, मंगलचं, पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण तिची आई नाही आणि माझ्या आईला गुडघ्यांमुळं प्रवास होत नाही. त्यामुळं मुलगी इथंच झाली, आणि जिनं कधी मूल हाताळलंय अशी एकही बाई आमच्या खोलीत नव्हती. पाण्याची मोटार घेतली तर मिस्त्री निदान स्टार्टर दाबून दाखवतो. दवाखान्यातल्या बाईंनीही काही दाखवलं असेल, पण मी तेव्हा पेढे वाटत होतो.

मुलगी रडायला लागली की मी पहिल्यांदा घाबरायचो आणि मग कामाला लागायचो. तिला गदागदा झुलवायचो, मोबाइलवर अंगाई लावायचो. एकदा दृष्ट काढायला चुलीत मिरच्या टाकल्या. ठसक्यानं आम्ही तिघंही बाहेर पळालो. आई फोनवर एकच विचारायची, "करदोटा बांधलास का रे? घट्ट बांध, सुटला तर लेकराला नजर लागंल." बांधला होता. बाराव्याला कमरेभोवती काळा दोरा आवळून त्यावर अशी गाठ मारली होती की दोरा तुटेल पण गाठ सुटणार नाही. घाबरलो म्हणजे मी गाठी फार चांगल्या मारतो.

एका दुपारी ती दूधच पिईना. पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. शेवटी मंगलही रडायला लागली, म्हणाली की हिला काही व्हायच्या आत मला गावाकडं नेऊन सोडा. गावाकडं काम असतं तर आम्ही इथं कशाला आलो असतो? मी मुलीला उचललं आणि शेजारी धावलो. तात्यांचा मुलगा मेंढरं घेऊन रानात, सून खुरपायला. घरी एकटे तात्या, ओट्यावर लोकर कातत बसलेले.

मी त्यांच्या कानाशी ओरडून सगळी हकीकत सांगितली. तात्या शांतपणे म्हणाले, "पावणं, वरडू नका. मला ऐकू येत न्हाई, आन् तिला येतंय."

त्यांनी मुलीला घोंगडीवर मऊ धडपं टाकून निजवलं आणि सगळे कपडे काढले. मग नुसते बघत बसले. रडण्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून त्यांना कसली घाईही नव्हती. डोकं, कानामागं, मानेच्या वळ्या, मुठी उघडून तळवे. बोट कमरेशी येऊन थांबलं. करदोटा पोटात रुतला होता, खाली लाल वळ. बाळसं धरणाऱ्या लेकराचं पोट वाढतं, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? गाठ तात्यांच्या नखांनाही सुटेना. त्यांनी मला मेंढरं भादरायची भलीमोठी कातर आणायला लावली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोरा तुटून पडला होता, मुलगी त्यांच्या मांडीवर हुंदके देत होती आणि तात्यांचं धोतर ओलं झालं होतं.

"कुनी बांधला?"

मी माझ्याकडं बोट केलं. तात्यांनी समोरच्या टोमॅटोच्या फडाकडं पाहिलं. तिथली प्रत्येक सुतळी माझ्याच हातची.

"झाडाला सैल बांधतोस, खोड जाडावंल म्हनून. आन् लेक काय हाय तेवढीच ऱ्हानार व्हती?"

मंगल तोवर मागोमाग आली होती. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच हसली. कुणाला, ते सांगायला नको.

त्या दिवसापासून आम्ही त्यांचा उंबरा झिजवला. तात्यांचा क्रम ठरलेला: "आदी पोट, मग बूड, मग अंग. समदं बगून झालं तरी रडतंय, तर नुसतं उराशी घ्यायचं. आपल्यावानी त्यालाबी कदी करमत न्हाई." हे शेवटचं ते माझ्याकडं बघून म्हणायचे. ते चुकायचेही. एकदा पोटात वारा धरलाय म्हणून संध्याकाळभर तिची पाठ चोळत बसले, आणि ती रडत होती झोपू देत नाहीत म्हणून. झोपल्यावर म्हणाले, कोकरू असतं तर असं फसवलं नसतं. त्यांची सून हसून सांगायची, स्वतःची पोरं कधी मांडीवर घेतली नाहीत यांनी, सदा मेंढरांमागं. हे मात्र तात्यांना ऐकू गेलं असावं. ते मुलीच्या तळव्यावरून बोट फिरवत राहिले.

पुढं थंडीत एक दिवस मुलगी अजिबात रडली नाही. दूधही मागितलं नाही, नुसती पडून. मी खूश. आपल्याला जमलं की राव, म्हणून तात्यांना सांगायला गेलो. हातवारे करून सांगितलं, आज एकदाही रडली नाही. ते हातातली लोकर टाकून उठले. तिच्या तळपायाला टिचकी मारली. तिनं पाय जेमतेम हलवला.

"रडतंय तवर घरी बगायचं. गप पडलं की दवाखाना. गाडी काड."

मंचरला डॉक्टर म्हणाले, छातीत कफ आहे, वेळेवर आणलंत. मान माझ्याकडं करून म्हणाले, म्हणून मी मानही डोलावली. परत आल्यावर तात्यांना म्हणालो, आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाला गप्प राहणं बरोबर ऐकू आलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणायला मला लाज वाटली.

गेल्या वर्षी तात्या आजारी पडले. अंगाला सूज आली, पोट फुगलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. भेटायला गेलो तर सारखे कण्हत होते. मुलगा रडकुंडीला आला होता. औषध दिलं, कूस बदलली, विचारलं तर ऐकू येत नाही, म्हणाला. मला तरी काय येतं? एकच येतं, ते तात्यांचंच. डोक्यापासून सुरुवात केली. कान, मान, तळवे. पांघरूण बाजूला केलं. कमरेला त्यांचा काळा करदोटा सुजेत रुतून बसला होता.

मुलानं माझा हात धरला. "भाऊ, तोडू नको. बाप्याचा करदोटा जित्यापनी तोडत न्हाईत."

तोडला नाही. गाठ जुनी, तेला-घामानं दगड झालेली. सुतळीवर घासून घासून माझी नखं तयार झालीत, त्यांनीच कोरत बसलो. सुटली. दोऱ्याला दोऱ्याचा तुकडा जोडला आणि पुन्हा बांधला, दोन बोटं आत जातील असा, टोक ओढलं की सुटेल अशा गाठीनं. तात्यांनी लांब श्वास सोडला. कण्हणं थांबलं, तसा मी चटकन तळपायाला टिचकी मारून बघितली. त्यांनी पाय ओढून घेतला, एक डोळा उघडला, आणि बोटानं कमरेची गाठ चाचपली.

"झाडाची हाय," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते गेले. स्मशानात करदोटा काढायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी ब्लेड पुढं केलं. मुलानं ते घेतलं नाही. त्यानं गाठीचं टोक हलकेच ओढलं.