कोपरच्या वर्गाचे सहा पत्ते

मुलांनो, इंटरनेटवर यायचं तर कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता लागतो. तुम्हाला तो न मागता मिळतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मला तो मागायला जावं लागलं होतं.

कोपरला आमची छोटी महिला संस्था मुलींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग चालवायची. मी सेक्रेटरी. जुनी सहा मशीन्स होती. पत्ते कमी पडले असते, तर काही मुलींना घरी बसवावं लागलं असतं; आणि त्यांतल्या दोघींची लग्नाची बोलणी या वर्गाच्या नावावरच लांबली होती.

वर्तकनगरला लाइन देणाऱ्या कंपनीत जाऊन मी स्वच्छ इंग्रजीत सहा पत्ते मागितले. साहेबांनी तीन दिले. बाहेर बाकावर मच्छीमार सोसायटीच्या कोळीणबाई आपल्या पाळीची वाट बघत होत्या.

"किती मांगलंस बाय?"

"लागतात तेवढेच. सहा."

त्या खळखळून हसल्या. "अगो, पयला भाव कोन खरा सांगतं? गिऱ्हाईक निम्मं तोडनारच!"

कमिटीतही तेच ऐकलं. "अहो, बारा सांगायचे ना! तत्त्वं कसली कुरवाळताय?"

मी नव्या अर्जात बारा लिहिले. मग निरोप आला, साहेब स्वतः मशीन्स बघायला येणार. मशीन्स बारा दिसावीत म्हणून कमिटीने बिल्डिंगमधले टीव्ही गोळा केले, त्यांच्यावर क्रोशाची कव्हरं घातली आणि कॉम्प्युटरच्या मध्येमध्ये मांडले. कव्हरं वाकडी बसली होती, ती मी सरळ केली.

साहेब आले. एका कव्हराचं टोक उचलून म्हणाले, "मॅडम, यावर बातम्या कितीला लागतात?"

मुली हसल्या. माझ्याकडे बघून गप्प झाल्या.

"खरी मशीन्स किती?"

"सहा."

"आधी सहाच मागितले होते ना?"

"हो."

"मोठ्या कंपन्या ढीगभर मागतात आणि ते नुसते पडून राहतात. म्हणून आम्ही सरसकट कापतो. तुमचे सहा देतो. पण मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

पत्ते मिळाले. एकाही मुलीला घरी बसावं लागलं नाही. वर्गात इंग्रजी मीच शिकवायचे. दुसऱ्या दिवशीचा सगळा तास मी फळ्याकडे तोंड करून घेतला.