विजयवाड्याचा स्टीलचा डबा

तापलेल्या रुळांचा लोखंडी वास, कुणाच्याशा टोपलीतल्या संत्र्यांचा आंबटगोड दरवळ आणि माझ्या हातातल्या पिशवीतून झिरपणारी ताज्या सांबारवडीची ऊब! हिवाळ्यातल्या दुपारी नागपूर स्थानकाच्या फलाटावर एवढं जुळून आलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही पिशवीत इडली शोधाल.

आयुष्यभर मी महालातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशात मधोमध बोट ठेवून ‘हे आपलं नागपूर, देशाचं हृदय’ असं सांगताना माझा आवाज दरवर्षी थोडा चढायचाच. शून्य मैलाचा दगड आमच्या गावात, मग अभिमान का नसावा? पण टीव्हीवरची विद्वान मंडळी ‘हार्टलँड’ म्हणतात, तेव्हा त्यांचं बोट गंगेच्या काठाकाठानं फिरतं आणि आम्हाला खुशाल वगळून जातं. कुणाला देशाचं हृदय खेड्यांत दिसतं, कुणाला मतांच्या गठ्ठ्यांत. एकदा वर्गातल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, “बाई, हृदय तं डावीकडे असते ना? मंग नागपूर मधात काहून?” सारा वर्ग खो खो हसला, मीही हसले.

मध्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला एक काम न मागता येतं. दिल्लीहून दक्षिणेला जा नाहीतर मुंबईहून कलकत्त्याला, नातेवाइकांची गाडी नागपूरवरून जाणारच, आणि त्यांचा फोनही येणारच. मग पहाटेपासून पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, आणि गाडी थांबेल तेवढी दहा मिनिटं भेट! डबे नेहमी श्रीखंडाचे, प्लॅस्टिकचे. परत मागायला नकोत म्हणून. आमचे हे चिडवायचे, “काहून वं, स्टेशनवर खानावळ उघडली काय?” नरखेडच्या नणंदेची मुलगी, सोनल, दिल्लीला शिकायला गेली, तेव्हा तर कमालच झाली. सुट्टीत ती नागपूरला उतरायची, पण तिची मैत्रीण माधवी त्याच गाडीनं पुढे विजयवाड्याला जायची. “मामी, तिलेही देशील ना डबा? उपाशी जाऊन राहिली बिचारी.” ओळख ना पाळख! मी कुरकुरत दिला. चार वर्षं देत राहिले, आणि त्या मुलीशी माझं एकूण बोलणं ‘नीट जा’च्या पलीकडे कधी गेलं नाही.

आणि मग यांच्या मणक्यानं दगा दिला. शस्त्रक्रिया चेन्नईला ठरली; पुन्हा चालता येईल याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या खिडकीशी उभी राहणारी मी, त्या दिवशी खिडकीच्या आत होते. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. घरून आणलेल्या पुऱ्यांना त्यांनी हातही लावला नव्हता. फक्त एकदाच म्हणाले, “मले वापस आणशीन ना वं?” कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस हा! मी पांघरूण सारखं केलं.

सकाळी गाडी विजयवाड्याला थांबली. केसांत मोगरा माळलेली, माझ्याच वयाची एक बाई धापा टाकत डब्यात शिरली आणि बाकांमागून बाकं बघत आमच्यापाशी आली. “नागपूर आंटी?” मी मान हलवली. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, “माधवी अम्मा.” सोनलनं फोन केला होता तर! तिनं माझ्या हातात डबा ठेवला. दहीभात, वर आंब्याचं लोणचं. आणि डबा स्टीलचा, जड, झाकणावर तेलुगूत नाव कोरलेला. असा घरचा डबा परक्या बाईला कुणी देतं का? मी घाईघाईनं भात आमच्या प्लॅस्टिकच्या डब्यात काढायला लागले, तर तिनं माझा हात धरला, झाकण घट्ट लावलं. बोटानं गाडीची दिशा दाखवली, मग तेच बोट उलट वळवून नागपूरकडे नेलं. “रिटर्न,” ती म्हणाली. यांच्याकडे बघून पुन्हा म्हणाली, “रिटर्न.”

गाडी हलली तेव्हा मी रडत होते. मागून आवाज आला, “दहीभात हाय काय वं? दे थोडा.”

महिन्याभरानं परतताना विजयवाडा जवळ आलं तसे हे काठीच्या आधारानं उठले. डबा रिकामा देऊ नये म्हणून आत चेन्नईचा मैसूरपाक भरला होता. नागपुरी संत्री तिथं आणायची कुठून? माधवीच्या आईच्या हातात तो यांनी दिला, दारात स्वतःच्या पायांवर उभं राहून. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि आम्ही दोघी भाषेवाचून हसलो.

आज तो प्रश्न विचारणारी मुलगी भेटली, तर सांगेन तिला की बाई गं, मधात की डावीकडे ते मला अजून कळलेलं नाही. पण एका सकाळी देशाचं हृदय विजयवाड्याच्या फलाटावर होतं, एवढं मी शपथेवर सांगू शकते.

गाडी आली. यांच्या जुन्या सहकाऱ्याची लेक आईला उपचारासाठी दिल्लीला नेते आहे. आई खिडकीशी, डोळे मिटून बसलेली. आमचे हे काठी टेकत माझ्या पुढे गेले, पिशवीतला आमच्या घरचा जड स्टीलचा डबा त्यांनी खिडकीतून त्या माउलीच्या मांडीवर ठेवला आणि दटावल्यासारखं म्हणाले, “डबा आमचा हाय बाई. वापस आणून द्या लागते.”