कोल्डरूमच्या इंटरकॉमवर

या ग्रुपवरचे अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचतो, हे आधीच कबूल करतो. मी मेकॅनिकल इंजिनियर. कुठून विचित्र आवाज आला की बेअरिंग तपासायचं, भूत नव्हे, असा माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

ग्लासगोच्या बाहेर आमची फॅक्टरी आहे. आर्क्टिकमधल्या गॅस प्लांटसाठी आम्ही मोठे पंखे बनवतो. तिथे इमारतीत गळणारा गॅस सतत बाहेर काढावा लागतो. हवेच्या झडपा बर्फाने चिकटून पंखा थांबला, तर एक ठिणगी पुरते. म्हणून प्रत्येक पंखा आम्ही कोल्डरूममध्ये उणे पन्नासला चालवून बघतो.

आत एकाने जायचं, बाहेर एकाने थांबायचं, हा नियम. थंडीत आधी डोकं बधिर होतं आणि ते ज्याचं त्याला कळत नाही. म्हणून बाहेरचा माणूस दर तीन मिनिटांनी इंटरकॉमवर काहीतरी विचारतो. उत्तर अडखळलं की आतल्याला बाहेर काढायचं. माझा जोडीदार डंकन, साठीचा स्कॉटिश माणूस. आठ वर्षं त्याचा प्रश्न एकच... ब्रेकफास्टला काय खाल्लंस?

मी बिनधास्त थापा मारायचो. आज थालीपीठ, उद्या साबुदाण्याची खिचडी, आणि वर ती कशी करतात तेही सांगायचो. खरं म्हणजे फ्लॅटवर मी एकटा. आई गेल्यापासून पुण्याला फोन करायलाही कुणी उरलं नाही. सकाळी बहुतेक काळी कॉफीच. हसू नका, पण दिवसभरात माझी चौकशी करणारा तो एवढाच माणूस होता.

गेल्या फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे दहा. ओव्हरटाइम होता, फॅक्टरीत आम्ही दोघेच. झडपांवरचा बर्फ खरवडायला मी आत गेलो. डंकनने एकदा विचारलं, मी घावन सांगितलं. मग कामात गुंतलो. पुढचा प्रश्न आला तेव्हा मला काहीच वेगळं वाटलं नाही — आज त्याचंच सगळ्यात नवल वाटतं.

"आज खरंच काय खाल्लंस?"

चक्क मराठीत. आमच्या फॅक्टरीत माझ्याशिवाय कुणालाही मराठी येत नाही.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग बाहेर ये. लगेच."

मी मुकाट्याने बाहेर आलो. डंकन खुर्चीशेजारी जमिनीवर पडला होता, श्वास जेमतेम चालू. हार्ट अटॅक. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्याचा हात धरून बसलो होतो आणि लहान मुलासारखा घाबरलो होतो. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

कमेंटमध्ये 'आईच असणार' असं लिहू नका, प्लीज. तिचा आवाज मला ओळखता येतो. हा पुरुषाचा होता, अनोळखी, जरा घाईतला.

इंटरकॉमचं रेकॉर्डिंग असतं. सोमवारी ते ऐकलं. डंकनचा प्रश्न, माझं घावन, मग सात मिनिटं नुसता पंखा, मग माझं "काही नाही" आणि थोड्या वेळाने दाराचा आवाज. दुसरं कुणीच नाही. सेफ्टी मॅनेजर म्हणाली, अशा थंडीत भास होतात. मान्य... पण बाहेर डंकन पडलाय हे त्या भासाला कसं कळलं?

हॉस्पिटलमध्ये मी हे सगळं डंकनला सांगितलं. तो म्हणाला, पडल्यावर डोक्यात एकच गोष्ट होती — तुला विचारायची वेळ टळून गेली. शिवाय माझ्या थापा त्याला पहिल्याच वर्षी कळल्या होत्या, कारण अकराच्या ब्रेकला त्याचं अर्धं सँडविच मी खायचो.

"मग विचारत का राहिलास?"

"तू बोलायचास म्हणून."

डंकन आता रिटायर होऊन मुलीकडे इनव्हरनेसला राहतो. नवा जोडीदार नियमाप्रमाणे बेरजा विचारतो. तो आवाज कुणाचा होता, मला अजूनही सांगता येत नाही. मी बेरजेचं अचूक उत्तर देतो, आणि मग पंख्याच्या घरघरीत उगीच थोडा वेळ कान देऊन उभा राहतो.