डाव्या दाराचा पोचा

२०१६ साल होतं आणि मी चौसष्ट वर्षांचा होतो. अंबडला माझ्या दुकानापुढं एक उंच, वाळका माणूस येऊन थांबला. त्यानं चपला काढल्या, वाकला, आणि हातानं त्यांची तोंडं रस्त्याकडं फिरवून ठेवली. मग आत आला.

मी म्हणालो, "आले न्हाई तवर जायची तयारी?"

"निघायच्या टायमाला वळत बसलं तर तेवढ्यात घर जळतं, मिस्तरी."

जालन्याला त्यानं तीस वर्षं आगीचा बंब चालवला होता. बायको वारल्यावर अंबडला येऊन एकटाच राहत होता. गावात सगळे त्याला बंबवाला म्हणत. मी तोंडावर ड्रायव्हरसाहेब म्हणायचो.

"बंब करून देता का?" त्यानं विचारलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अर्ध्या अंबडनं माझ्या हातच्या तांब्याच्या बंबातलं पाणी अंगावर घेतलेलं आहे. गिझर आले आणि धंदा बसला, ती गोष्ट वेगळी. मी विचारलं, "किती घागरीचा?"

"वीतभर लांब."

"वीतभर बंबात आंघोळ कोण करणार, उंदीर?"

तो हसला नाही. पिशवीतून त्यानं फडक्यात गुंडाळलेली एक लाल गाडी काढली. परदेशातला जुन्या काळचा आगीचा बंब, हुबेहूब. शिडी वर-खाली होत होती, घंटा हलत होती. "असा पाहिजे," तो म्हणाला, "पण माझा."

मग त्यानं मला घरी नेलं. दोन खोल्या, एक खुर्ची, आणि भिंतीला काचेचं कपाट. कपाटात तीस-पस्तीस बंब. घोड्यांनी ओढायचे, वाफेवरचे, लांब नाकाचे. पुण्याला राहणारी त्याची मुलगी दर वाढदिवसाला एक पाठवायची. रोज सकाळी तो दाढीच्या जुन्या ब्रशानं त्यांच्यावरची धूळ झाडायचा. सगळ्यांची तोंडं दाराकडं. मी म्हणालो, "हे तर नुसते उभेच आहेत." तो म्हणाला, "बंबाचं कामच उभं राह्यचं. धावतो कधीमधी, उभा राहतो रोज." हे तो गाड्यांचं बोलत होता की स्वतःचं, मी विचारलं नाही. माझ्या घरी खुर्च्या दोन होत्या, पण दुसरी रिकामीच असायची.

त्याचा स्वतःचा बंब लिलावात भंगारात गेला होता आणि जालन्याच्या भट्टीत वितळून त्याच्या सळया झाल्या होत्या. कुठं नव्या घराचा स्लॅब चालला असला की हा सळयांकडं बघत थांबायचा. "ह्याच्यात माझा बंब असंल," म्हणायचा. गवंडी हसायचे. त्याच्याकडं त्या गाडीचा एकच फोटो होता, तोही उजव्या बाजूनं काढलेला. त्यावरून आणि त्याच्या तोंडच्या मापांवरून मला गाडी करायची होती.

पाच महिने लागले. पत्रा गोड्या तेलाच्या डब्याचा. पाण्याची नळी म्हणून सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, घंटा म्हणून बकरीच्या गळ्यातलं घुंगरू. रंग ट्रॅक्टरचा. रोज चार वाजता तो यायचा, चपला फिरवायचा आणि माझ्या समोर डब्यावर बसायचा. "शिडी जरा आखूड करा, मिस्तरी." "चाक बराबर बसलं." एवढंच बोलणं. तरी साडेतीन वाजले की माझं लक्ष रस्त्याकडं जायचं. घरच्या कोणासाठी मी कधी असा रस्ता बघितला नव्हता.

बंब पुरा झाला त्या दिवशी मी तो त्याच्या मांडीवर ठेवला. नळ्या ठेवायच्या पेटीची दोन्ही बाजूंची दारंसुद्धा उघडत होती. त्यानं चष्मा पुसला, परत घातला. गाडीवरून बोट फिरवलं आणि डाव्या दारावर येऊन ते थांबलं.

"इथं पोचा पाहिजे."

"कसला पोचा?"

"होता."

"असंल. मी न्हाई पाडणार."

"मंग हा माझा बंब न्हाई, मिस्तरी."

"ड्रायव्हरसाहेब, उभ्या जन्मात मी पोचे काढले. सरळ केलेल्या पत्र्याला माझ्या हातानं पोचा? लोक म्हणतील, म्हाताऱ्याची हातोडी चुकली."

"कोण बघायला येतंय?"

"मी बघतो ना."

पोचा कशाचा ते त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ठोकला असता का? आजही मला खात्री नाही. त्यानं बंब माझ्या ऐरणीवर ठेवला आणि उठला. चपला आधीच रस्त्याकडं तोंड करून होत्या. वळायचं निमित्तसुद्धा नव्हतं. पायात घातल्या आणि गेला.

त्यानंतर तो आला नाही. मीही गेलो नाही. दोन गल्ल्यांचं अंतर होतं. बसस्टँडपाशी एक बांधकाम चाललं होतं, तिथं तो दिसायचा. तो सळयांकडं बघायचा, मी भाजीकडं. मी का जावं? बंब त्याला पाहिजे होता. वर्ष असंच गेलं. बंब वरच्या फळीवर फडक्याखाली होता. चार वाजता मी समोरचा डबा पायानं बाजूला सारायचो आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर ठेवायचो.

तो गेल्याचं मला दूधवाल्यानं दोन दिवसांनी सांगितलं. मातीला जायचं राहून गेलं.

पंधरा दिवसांनी त्याची मुलगी दुकानात आली. हातात तांब्याची घागर. "काका, घर बंद करून उद्या नऊच्या गाडीनं पुण्याला जाते. तोवर ही घासून द्याल? आणि एवढा पोचा काढा."

घागरीचा काठ एका बाजूनं चेपलेला होता. मी म्हणालो, "कशावर आपटली?"

ती हसली. "बाबांच्या बंबावर. दुष्काळात बंबानं गल्लोगल्ली पाणी वाटायचे. आईचा नंबर आला आणि पाणी संपलं. आईनं रागानं घागर हाणली गाडीच्या दारावर. बाबा खाली उतरून म्हणाले, हा पोचा आता कोण भरून देणार? आई म्हणाली, आधी माझी घागर भरून द्या. दुसऱ्या दिवशी बंब पहिला आईच्याच दारात. मग वर्षभरानं लग्न."

"आन घागरीचा पोचा तसाच ठेवला?"

"आईनं कधी काढू दिला नाही. तिच्यामागं बाबांनीही नाही. आता दोघंही नाहीत, काका. फ्लॅटमध्ये ठेवायची, चांगली दिसावी."

मी विचारलं, "कोणतं दार?"

"डावं."

मी घागर ठेवून घेतली. फळीवरचा बंब तिला दाखवला नाही. पोच्याशिवाय तो तिच्या बापाचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडताच दुकान उघडलं. घागर चिंचेनं घासली. तिचा पोचा मात्र काढला नाही, हातानं नुसता चाचपून बघितला, किती तिरपा, किती खोल. मग बंबाचं डावं दार उघडून वाळूच्या पिशवीवर टेकवलं. पत्र्याला पोचा पाडायला हात उठेना. दोनदा हातोडी खाली ठेवली. तिसऱ्यांदा एकच ठोका दिला. लाल रंगाचा टवका उडाला, तोही राहू दिला. मग समोरच्या डब्यावर घागर ठेवली, तिच्याशेजारी बंब ठेवला, त्याचं तोंड रस्त्याकडं केलं आणि पोरीची वाट बघत बसलो.