रफिकभाईंनी बसवलेले ब्रेक

शनिवारी दुपारी साडेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे हवालदार होते. त्यांनी माझ्या गाडीचा नंबर वाचून दाखवला आणि गाडी माझीच का, असं विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, "मोहदरी घाटात उभी आहे. चालवणारे गेले, साहेब." गेले म्हणजे कुठे, असं मी विचारलं... खरंच विचारलं. त्यांनी सांगितल्यावर डोक्यात पहिलं आलं ते हे, की ब्रेक फेल झाले. त्याच्या पाठोपाठ, बरं झालं, आपली ऋचा गाडीत नव्हती. रफिकभाई गेले, हे मला तिसरं सुचलं. सहा आठवडे झाले, पण त्या क्रमाची अजून शरम वाटते.

रफिकभाई माझे मेकॅनिक. वडाळा नाक्याजवळ, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं त्यांचं गॅरेज. अकरा वर्षांपूर्वी मी हौसेने एक जुनी स्पोर्ट्स सेदान घेतली, घरच्यांनी मला वेड्यात काढलं, आणि ती दाखवायला मी त्यांच्याकडे गेलो. लोक इंजिन बघतात. यांनी बॉनेटला हातही लावला नाही. एक चाक उतरवलं, ब्रेकच्या डिस्कवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, पळवणार तुम्ही, थांबवायचं माझ्या गळ्यात." तेव्हापासून ते मोठे ब्रेक बसवून घ्या म्हणून सांगत होते आणि मी पुढच्या वर्षी बघू म्हणत होतो. यंदा मुलीला, ऋचाला, पुण्यात प्रवेश मिळाला, तिला सामानासकट याच गाडीने सोडायचं ठरलं, तेव्हा कुठे मी हललो.

भाईंनी त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर शोधून आणले. ते आपल्या गाडीत बसावेत म्हणून अंबडच्या लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतलं, आणि केसभर फरक पडला म्हणून दोनदा परत पाठवलं. जुन्या रबरी नळ्या दाबाने फुगतात म्हणून स्टीलची जाळी असलेल्या नव्या टाकल्या. ब्रेकचं काम केलं की त्यांची एक रीत होती. आठ दिवस गाडी स्वतःकडे ठेवायची, शहरातल्या शहरात फिरवून नवे पॅड डिस्कवर नीट बसू द्यायचे, मग सिन्नरपर्यंत जाऊन येताना मोहदरी घाट एकट्याने उतरायचा. मालकाला शेजारी बसवत नसत. त्यानंतरच किल्ली मिळायची. मला हे चांगलं ठाऊक होतं. तरी रविवारी निघायचं म्हणून मी त्यांच्या हात धुऊन मागे लागलो, दिवसाला तीन-तीन फोन. मी मुळात उतावळा, त्यात हॉस्टेलची तारीख. शेवटी आठ दिवसांचं काम त्यांनी तीन दिवसांत उरकलं. शुक्रवारी गॅरेजवर गेलो तर डावा खांदा चोळत बसले होते. सकाळपासून दुखतोय म्हणाले. मी म्हटलं, चाकं उचलून भरला असेल, मलम लावा. उद्या घाट करून येतो म्हणाले, आणि मी चालेल म्हणालो.

घाटात पोचलो तर गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. उतारावर, रस्त्याच्या अगदी कडेला उभी होती. चारही इंडिकेटर चालू, हँडब्रेक ओढलेला, आणि पुढच्या चाकाला दगड लावलेला. छातीत कळ आलेली असताना हा माणूस खाली उतरला, दगड शोधला, चाकाला लावला आणि मग कठड्याला टेकून बसला... तिथेच. एका ट्रकवाल्याने पाहिलं तोवर उशीर झाला होता, असं हवालदार म्हणाले. मी त्या दगडाकडे बघत उभा राहिलो. ब्रेक फेल झाले नव्हते, ते उत्तम होते. पण म्हणून मी सुटलो का? गॅरेजमध्ये असते तर दवाखाना पाच मिनिटांवर होता. त्या दिवशी त्यांना घाटात माझ्या घाईने नेलं.

ऋचा बसने पुण्याला गेली. गाडी दारात आणून ठेवली आहे, तीही मेहुण्याने चालवत आणली. परवा एकदा आत बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. भाई बुटके, सीट पुढे ओढून घ्यायचे. ती मागे सरकवायला हात खाली घातला आणि तसाच काढून घेतला.

त्यांचा चाळिसावा झाल्यावर मी त्यांच्या पत्नीला, शमीमभाभींना, भेटायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. घाईचं, फोनचं, खांद्याचंसुद्धा. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की त्या म्हणतील, तुमचा काय दोष. अशा वेळी लोक म्हणतातच तसं. भाभींनी पदर नीट केला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "खांदा दुखतोय हे मला नाही सांगितलं त्यांनी. तुम्हाला सांगितलं होतं."